घरी दारू सोडवताना : पहिला आठवडा कसा जातो आणि घरच्यांनी काय करायचं

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी दारू सोडली म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. माळ घातली का? नाहीतर, कुठली पुडी दिली? आमच्या ह्यांची दारू घरीच सुटली, पण ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, गोळ्या घेऊन आणि रोज बीपी मोजून. तेव्हापासून माहेरच्या, सासरच्या बायांचे फोन सुरू आहेत. "कसं केलं वं ताई तुमी?" दर वेळी फोनवर अर्ध सांगून होतं आणि अर्ध राहून जातं, म्हणून इथे सगळं लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी आमच्या गावात दहातल्या नऊ जणांना माहीत नसते. जो माणूस रोज, सकाळपासून पितो, त्याने एका दिवसात दारू तोडली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि उपचार मिळाला नाही तर जीवही जाऊ शकतो. दारू मेंदूला सुस्त करते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीविरुद्ध जोर लावून चालायला शिकलेला असतो. चढावर बैलांनी जोर लावलेला असताना मागचं ओझं अचानक निसटलं तर बैल जसे उधळतात, तसं दारू काढून घेतल्यावर मेंदूचं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दारूची दुकानं बंद झाली तेव्हा असे पुष्कळ लोक एकाएकी आजारी पडले होते. त्यामुळे "मर्दासारखी सोड, आजपासून बंद" असं म्हणणाऱ्या काकांना चहा पाजा आणि वाटेला लावा. डॉक्टरला दाखवेपर्यंत एकदम बंद करायची नाही, आणि कमी कशी करायची हेही डॉक्टरलाच विचारायचं.

१. घरी जमेल की भरतीच करावं लागेल?

हे ठरवणं डॉक्टरचं काम आहे. पण खालच्यापैकी एक जरी गोष्ट तुमच्याकडे असेल तर घरी करायचा हट्ट धरू नका, सरळ भरतीची तयारी करा.

- आधी कधी दारू बंद केल्यावर झटके आले होते, किंवा माणूस दोन-चार दिवस भलतंसलतं बडबडत होता
- मिरगीचा आजार आहे
- कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी
- नुकताच गाडीवरून पडून डोक्याला मार लागला आहे
- हृदयाचा आजार, किंवा ताब्यात नसलेली शुगर
- दारूसोबत झोपेच्या गोळ्या किंवा दुसरी नशा सुरू आहे
- जीव द्यायची भाषा करतो, किंवा आधी तसा प्रयत्न केला आहे
- वय झालं आहे, शरीर खंगलेलं आहे, किंवा पिणारी बाई गरोदर आहे (बाया पीत नाहीत हा गैरसमज आहे, त्या लपवतात एवढंच)
- घरात रात्री जागेल असं, स्वतः न पिणारं, मोठं माणूस नाही

आणखी एक गोष्ट डॉक्टरच्या लक्षात येणार नाही, ती तुम्हीच सांगायची. तुमच्या गावाचा रस्ता. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाव तुटत असेल, रात्री गाडी मिळत नसेल, फोनची रेंज शेताच्या धुऱ्यावर जाऊन शोधावी लागत असेल, तर घरी करण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावी बहीण-भाऊ असेल तर आठ दिवस तिथे जाऊन राहा. आमच्या एका नातलगांनी तसंच केलं आणि त्यांचा निर्णय बरोबर होता.

आणि ज्याची दारू सोडवायची त्याने स्वतः हो म्हटलेलं असावं. मनापासून नाही, कुरकुरत का होईना, पण हो. त्याच्या नकळत काही करायचं नाही. का, ते पुढे सांगते.

२. डॉक्टर कुठे मिळतो

गावातून सुरुवात करायची तर आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथून जिल्हा सामान्य रुग्णालय. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकारतज्ज्ञ बसतात. केसपेपर काढताना "दारू सोडवायची आहे, मानसोपचार विभागात पाठवा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तुम्हाला पोटाच्या ओपीडीत पाठवतील. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णालयाच्या नावाने बिचकू नका. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाचे तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचाराचे दवाखाने चालतात.

कुठे जावं हेच सुचत नसेल तर १४४१६ वर फोन लावा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी वेगळा क्रमांक १४४४६ आहे.

वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. तिथल्या बाया मला विचारतात, डॉक्टरला खरं सांगितलं तर केस होईल का? रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच बंधनकारक आहे. दारू कुठून आणली हे त्यांना नको असतं, किती आणि काय प्यायली एवढंच हवं असतं.

इथले दोन सापळे ओळखून ठेवा.

पहिला, बोगस डॉक्टर. "अशक्तपणा आहे, दोन सलाईन लावून घ्या, ताकद येईल." पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, पुष्कळदा फार कमी झालेलं असतं. ते आधी न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. माणूस गोंधळतो, डोळे नीट फिरत नाहीत, तोल जातो, आणि पुढे स्मरणशक्ती जाते. म्हणून कुणीही बाटली टांगायला लागलं की विचारा, थायमिन दिलं का?

दुसरा सापळा, पुडी. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते, "न सांगता दारू सोडवा". भाजीत, वरणात, चहात टाकून द्यायची. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि दारूशी भांडणारी औषधं नकळत पोटात गेली आणि वरून माणूस प्यायला, तर छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, असं होऊन तो दगावू शकतो. बायांनो, तुमची तळमळ मला कळते, पण हे करू नका.

३. पहिल्या भेटीला काय न्यायचं

कागदपत्रं : आधार कार्ड, राशन कार्ड, आयुष्मान कार्ड असेल तर ते, जुने केसपेपर आणि रिपोर्ट, सध्या सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (बीपी, शुगर, दमा, आयुर्वेदिक काढे, सगळं). भरतीची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कागद घरी ठेवून नंतर धावपळ करू नका.

कागदांपेक्षा महत्त्वाची आहे माहिती. ती वहीत लिहूनच न्या, कारण डॉक्टरसमोर माणूस "कधीमधी घेतो जी" म्हणतो आणि बायको लाजेने गप्प बसते.

- रोज किती? देशीचे किती पव्वे, इंग्रजीच्या किती क्वार्टर, मोहाची असेल तर किती ग्लास
- दिवसाचा पहिला घोट किती वाजता? उठल्याबरोबर लागते का, घेतल्याशिवाय हात थरथरतात का?
- किती वर्षांपासून
- याआधी किती वेळा सोडली आणि तेव्हा काय काय झालं
- शेवटची कधी घेतली, तारीख आणि वेळ

चौथा मुद्दा विसरू नका. पुन्हा पुन्हा सोडून पुन्हा सुरू केली की दर खेपेला त्रास वाढत जाऊ शकतो. मागच्या वेळी नुसती थरथर होती म्हणून या वेळीही तेवढीच होईल असं नसतं.

डॉक्टर रक्ताच्या तपासण्या लिहून देतात : लिव्हर, किडनी, शुगर, क्षार, रक्ताचं प्रमाण. कधी सोनोग्राफी आणि ईसीजी. तपासण्या टाळून "नुसत्या गोळ्या लिहून द्या" म्हणू नका. गोळी कोणती द्यायची हे लिव्हरवर ठरतं.

निघताना डॉक्टरकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, बीपी-नाडीचा कोणता आकडा आला की फोन करायचा, आणि सगळ्यात जवळचं २४ तास उघडं असलेलं रुग्णालय कोणतं.

४. दिवस निवडणं

पेरणी नको, कापूस वेचणी नको, घरात लग्न नको, पोळा तर मुळीच नको. कापूस किंवा तूर विकून हातात नगदी आलेला आठवडाही नको. आणि जमलं तर मे महिना टाळा. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात या माणसाला आधीच दरदरून घाम फुटलेला असतो, उलट्या होत असतात. ताप आला आणि बडबड सुरू झाली तर ती उन्हाची की दारू सुटल्याची, हे घरी कुणालाच ओळखता येत नाही. उन्हाळ्यातच करावं लागलं तर कूलरची सोय आधी बघा, आणि लाइट गेल्यावर काय करायचं तेही.

सुरुवात अशा दिवशी करा की पुढचे चार दिवस दवाखाना उघडा असेल. शनिवारी संध्याकाळी सुरू करायचं आणि रविवारी डॉक्टर शोधत फिरायचं, असं नको.

माणसं दोन लागतात. एक दिवसाचं, एक रात्रीचं. एकट्या बायकोने चार रात्री जागून पाचव्या दिवशी भोवळ येऊन पडायचं, हे मी शेजारच्या घरी पाहिलं आहे. दीर, नणंद, भाऊ, कुणालाही बोलवा. फक्त न पिणारा बोलवा.

५. घर आवरणं

दारू बाहेर काढायची हे सांगायला नको. पण जागा तुम्हाला माहीत नसतात. आमच्याकडे कडब्याच्या गंजीत, मोटर पंपाच्या पेटीत आणि देवघरामागच्या कोनाड्यात निघाली.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फवारणीची औषधं. घरात कीटकनाशकाचा डबा, तणनाशकाची बाटली, उंदराचं औषध काहीही ठेवायचं नाही. शेतातल्या खोपडीतसुद्धा नाही, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा. या दिवसांत मन अतिशय खाली जातं, आणि आपल्या भागात हात आधी कुठे जातो हे वेगळं सांगायला नको. विळा, कुऱ्हाड, वखराची पास आत ठेवून कुलूप घाला. अंगणात विहीर असेल तर रात्री त्या बाजूचं दार बंद. मोटरसायकलची आणि ट्रॅक्टरची चावी तुमच्याकडे.

खोली तळमजल्याची, हवेशीर, संडासाजवळची. रात्री मंद दिवा सुरू ठेवा, कारण अंधारात भास वाढतात. भिंतीवरचं सावली पडणारं सामान, लटकणारे कपडे काढून टाका. खाटेपेक्षा खाली गादी बरी.

सामान : थर्मामीटर, बीपीचं मशीन (मनगटाचं नको, दंडाचं घ्या), ओआरएसची पाकिटं, वही-पेन, चार्ज केलेला फोन, टॉर्च. मशीन परवडत नसेल तर उपकेंद्रातल्या सिस्टर रोज बीपी बघून देतील, आधी बोलून ठेवा. गाडीवाल्यालाही आधीच सांगून ठेवा की रात्री फोन येऊ शकतो.

६. गोळ्या तुमच्या ताब्यात

बहुतेक डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. ही औषधं मेंदूचा उधळलेला जोर आवरतात आणि झटके टाळतात. सुरुवातीला जास्त, मग दररोज थोडी थोडी कमी करत साधारण आठवडाभरात बंद. किती आणि कधी ते मी मुद्दाम लिहीत नाही. एकाचा डोस दुसऱ्याला चालत नाही, आणि शेजारणीच्या नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तर अजिबात नाही. चिठ्ठीशिवाय दुकानदार देत नाही, आणि कुणी दिल्या तरी घेऊ नका.

गोळ्यांचे नियम असे :

- डबा तुमच्याकडे, कुलपात. एका वेळची गोळी हातात द्या, समोर गिळायला लावा, वहीत वेळ लिहा.
- देण्याआधी माणूस नीट जागा आहे ना बघा. हलवूनही उठत नसेल, शब्द ओढून बोलत असेल, श्वास मंद वाटत असेल, तर गोळी देऊ नका. उठतच नसेल किंवा श्वास अडकत असेल तर थेट १०८, नाहीतर आधी डॉक्टरला फोन.
- मधेच दारू प्यायला तर पुढची गोळी थांबवा आणि डॉक्टरला कळवा. दारू आणि या गोळ्या मिळून श्वास बंद पाडू शकतात.
- बरं वाटतं म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका. छान झोप येते म्हणून महिनाभर लांबवूही नका. या गोळ्यांचीही सवय लागते.
- डोकं दुखलं, अंग दुखलं म्हणून दुकानातून मनाने गोळी आणू नका. लिव्हरवर आधीच भार असतो.

थायमिनची इंजेक्शनं असतील तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात घेता येतात, नंतर गोळ्या. ही बारीकशी गोळी लोक "व्हिटॅमिनची आहे, काय फरक पडतो" म्हणून सोडून देतात. सोडू नका.

७. दिवस कसे जातात

*पहिला दिवस.* शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत सुरू होतं. हात थरथरतात, घाम, मळमळ, छातीत धडधड, चिडचिड. चहाचा कप बशीवर टकटक वाजत राहतो, अर्धा चहा सदऱ्यावर. स्टीलचा मोठा पेला अर्धाच भरून द्या आणि त्याबद्दल काही बोलू नका, माणसाला लाज वाटते. आवाज, टीव्ही, पोरांचा गोंधळ सहन होत नाही. या दिवशी तो शंभरदा म्हणणार, "एकच पव्वा दे, मंग सोडतो." वाद घालायचा नाही. "डॉक्टरला विचारते" म्हणायचं आणि खरंच फोन लावायचा. डॉक्टरचा आवाज ऐकला की हे गप्प होत, माझ्या आवाजाने कधीच नाही झाले.

*दुसरा दिवस.* झटक्यांची भीती पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त. रात्री एकटं झोपू द्यायचं नाही. झोप लागत नाही, लागली तर घाबरून उठतो. काहींना भास होतात. हे दुसऱ्या रात्री गोधडीचे पांढरे टाके एकेक करून चिमटीत धरत आणि बाजूला टाकत. विचारलं तर म्हणाले, "अळ्या पडल्या व, दिसत नाही का तुले?" मी नाव विचारलं, आपण कुठे आहोत विचारलं, बाजार कोणत्या वारी भरतो विचारलं. तिन्ही बरोबर सांगितलं. डॉक्टरला फोन केला, त्यांनी वाट न बघता ग्रामीण रुग्णालयात न्यायला लावलं. तिथे नाडी, बीपी, ताप बघितला, फोनवर दोन्ही डॉक्टर बोलले, डोस बदलला, आणि सकाळी घरी सोडलं. भास झाले की "काही नाही, झोपा" म्हणून सकाळपर्यंत रेटू नका.

ते तीन प्रश्न दर दोन-तीन तासांनी विचारत राहा, गप्पांच्या ओघात. उत्तर चुकायला लागलं की समजायचं, पाणी डोक्यावरून चाललं.

*तिसरा-चौथा दिवस.* घरच्यांना वाटतं, झालं, निभावलं. पण खरा धोका इथेच असतो. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना तीव्र भ्रम होतो. माणूस ओळखत नाही, कुठे आहे कळत नाही, अंगात ताप, नाडी धावते, सगळं अंग थरथरतं, हवेत काहीतरी पकडत राहतो, उठून पळतो. पिणाऱ्यांतल्या थोड्यांनाच हे होतं, आणि गोळ्या वेळेवर असतील तर आणखी कमी जणांना. पण झालं तर ते घरी सांभाळायचं प्रकरण नाही, सरळ रुग्णालय.

गावात यालाच "बाहेरचं लागलं" म्हणतात. लिंबू उतरवतात, मांत्रिकाकडे नेतात, दोराने खाटेला बांधतात. त्यात जे तास जातात तेच जिवावर बेततात. सासूबाईंचं मन राखायला अंगारा लावायचा असेल तर लावा, पण गाडीत बसल्यावर.

*पाचवा ते सातवा दिवस.* थरथर ओसरते, भूक लागते, आणि मग माणूस रडतो. झोप मात्र लगेच परत येत नाही, काही आठवडे तुटक राहते, आणि पुन्हा पिण्याचं ते एक मोठं निमित्त होतं. हे आधीच सांगून ठेवा. या दिवसांत गहाण ठेवलेल्या डोरल्याचा आणि विकलेल्या गोऱ्ह्याचा हिशेब काढू नका. काढायचा आहेच, पण महिन्याने.

रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा : बीपी, नाडी, ताप, किती पाणी प्यायला, किती झोपला, किती उलट्या. आम्हाला सांगितलं होतं की निवांत बसलेलं असताना नाडी १०० च्या वर किंवा बीपी १६०/१०० च्या वर राहिलं तर फोन करा. तुमचे आकडे तुमच्या डॉक्टरचे.

८. खाणंपिणं

पहिले दोन दिवस पोटात काही टिकत नाही. मुगाची पातळ खिचडी, तांदळाची पेज, ज्वारीची आंबील, ताक, केळं. थोडं थोडं, दर दोन तासांनी. ओआरएस घोटघोट. भूक आली की वरण-भात, अंडी, भाकर. झणझणीत रस्सा आठवडाभर बाजूला. शुगर असणाऱ्याची साखर या दिवसांत एकदम खाली जाऊ शकते, त्याची तपासणी वेगळी विचारून घ्या. पोटात पाणी झालेलं असेल तर मीठ आणि पाणी किती, तेही.

खर्रा (तंबाखू-सुपारी)? आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी हे होऊ द्या, खर्रा पुढच्या महिन्यात बघू. मला पटलं नव्हतं, पण एका वेळी एक भांडण बरं. तुमच्या डॉक्टरला विचारा.

९. फोन नाही, थेट १०८

- झटका आला, एकदाच आला तरी
- माणूस ओळखत नाही, कुठे आहे सांगता येत नाही
- १०१ च्या वर ताप आणि सोबत बडबड
- रक्ताची उलटी, काळी शी
- हलवूनही उठत नाही, श्वास अडकतो
- छातीत दुखतं
- डोळे वेडेवाकडे फिरतात, चालताना तोल जातो
- जीव द्यायचं बोलतो
- उलट्यांमुळे गोळीच पोटात राहत नाही
- हातभट्टीची प्यायल्यानंतर नजर अंधूक झाली (ही विषारी दारूची खूण असू शकते, यात एक तासही घालवू नका)

झटका आला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूचं सामान सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. चप्पल आणि कांदा हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. जमलेल्या गर्दीला बाहेर काढा, हे सगळ्यात अवघड काम आहे.

१०. येणारे-जाणारे

भेटायला येणारे दोन प्रकारचे. एक उपदेश करतात, दुसरे खिशात चपटी घेऊन येतात. दोघांनाही अंगणातूनच परत पाठवा. "टायफॉइड आहे, डॉक्टरांनी भेटायला मनाई केली" एवढं सांगितलं तरी चालतं. गावात खोटं बोलायचं नसेल तर नुसतं "तब्येत बरी नाही" म्हणा.

लेकरांना मात्र खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. आणि जमलं तर पहिले चार दिवस मामाकडे पाठवा.

११. आठवड्यानंतर

इतकं झालं म्हणजे फक्त शरीरातून दारू गेली. पिण्याची ओढ तशीच असते. आठव्या दिवसाची डॉक्टरची तारीख चुकवली तर केलेलं बरंचसं वाया जातं. पुढे ओढ कमी करणारी औषधं असतात : नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, कधी बॅक्लोफेन. लिव्हर आणि किडनी बघून डॉक्टर ठरवतात. डायसल्फिराम हे दारूशी भांडणारं औषध. ते फक्त त्या माणसाच्या संमतीने, त्याला पूर्ण समजावून, आणि दारू पूर्ण उतरल्यावरच सुरू करतात. ते सुरू असताना खोकल्याचं औषध, टॉनिक, आणि आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं (द्राक्षासव, दशमूलारिष्ट वगैरे) विचारल्याशिवाय द्यायची नाहीत, त्यांत अल्कोहोल असतं. बाळंतिणीसाठी आणून ठेवलेली बाटली घरात असेल तर तीही उचला.

समुपदेशकाकडे नवरा-बायको दोघांनी जावं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठीत चालणाऱ्या सभा मोठ्या गावांत असतात, फुकट असतात. ह्यांना तिथे पहिल्यांदा जाताना फार संकोच वाटला, आता बसची वेळ हेच आठवण करून देतात. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला जाणं, माळ घालणं, शेगावला पायी जाणं, ज्याला ज्यात बळ मिळतं ते जरूर करावं. फक्त गोळ्यांच्या जागी नाही, गोळ्यांसोबत.

पुन्हा प्यायले तर? होऊ शकतं, पुष्कळांचं होतं. तेव्हा मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या काढून घरीच पुन्हा सुरू करू नका. उरलेल्या गोळ्या मुळात आठव्या दिवशीच डॉक्टरकडे परत द्यायच्या. पुन्हा तीच वही घेऊन तिकडेच जायचं, आणि पहिल्या खेपेला काय काय झालं ते त्यांना त्यातूनच वाचून दाखवायचं. घरी की भरती, हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारायचा असतो.